फ्लॅटच्या हॉलमध्ये स्टिरिओ स्पीकर कुठे ठेवावेत आणि किती वळवावेत

नवा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घरी आली की बहुतेक घरांत पहिल्या दिवशी एकच गोष्ट घडते. टीव्ही युनिटच्या दोन्ही टोकांना जी जागा मोकळी असेल तिथे एकेक स्पीकर भिंतीला टेकवून ठेवला जातो, समोरच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर सगळे बसतात आणि गाणे लागते. आवाज मोठा येतो, बेस भरपूर वाटतो; पण चार दिवसांनी लक्षात येते की डग्गा नुसता घुमतो आहे, त्याचे बोल वेगळे ऐकू येत नाहीत, आणि गायक नेमका कुठे बसला आहे हे डोळे मिटून सांगता येत नाही. या टप्प्यावर अनेक जण महागडी वायर किंवा दुसरा अ‍ॅम्प्लिफायर शोधू लागतात. माझे ठाम मत असे आहे की त्याआधी एक पूर्ण संध्याकाळ मोजपट्टी आणि सुतळी घेऊन स्पीकरच्या आणि स्वतःच्या बसण्याच्या जागेवर खर्च करावी. हातात असलेल्या सामग्रीतून याहून मोठा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

स्टिरिओचे तत्त्व समजले की पुढच्या सूचना आपोआप पटतात. ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात दोन स्वतंत्र वाहिन्यांतून आवाज ऐकवून श्रोत्यापुढे दिशेचा भास उभा करण्याची पद्धत मांडली होती. आपले दोन कान साधारण १७ ते १८ सेंटीमीटर अंतरावर असतात. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि थोडा मोठा, तर डाव्या कानाला किंचित उशिरा आणि थोडा लहान पोहोचतो, आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज एकाच वेळी आणि सारख्याच जोराने कानांवर आला, तर तो दोघांच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेले नाही तिथून, आल्यासारखा वाटतो. मधोमध बसलेला हा गायक म्हणजे मेंदूने केलेली रचना आहे आणि ती फार नाजूक असते. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा एवढा, म्हणजे जेमतेम फूटभर, जवळ असला तरी मधला आवाज जवळजवळ पूर्णपणे त्या बाजूला ओढला जातो. पुढे मी इंचांचा आग्रह धरणार आहे तो याच कारणासाठी.

सुरुवात करण्यापूर्वी

मेजर टेप, सुतळीचे रीळ, कागदी चिकटपट्टी, हातभर लांबीचा आरसा, पाणसळ आणि मदतीला एक माणूस एवढेच साहित्य पुरते. वेळ शक्यतो रात्रीची निवडावी, कारण रस्त्यावरची वर्दळ तेव्हा कमी असते. आणि उकाडा सहन होत असेल तर निदान ऐकण्याच्या त्या पाच-दहा मिनिटांपुरता पंखा बंद ठेवावा. पंख्याच्या घरघरीत तानपुऱ्याचा झंकार सर्वांत आधी बुडतो, आणि जो झंकार ऐकू येत नाही त्यावरून निर्णय घेता येत नाही.

वायरी जोडताना अ‍ॅम्प्लिफायर बंद असावा, तारेचे सुटे तंतू शेजारच्या टर्मिनलला लागू नयेत, आणि लाल टर्मिनल लालला व काळे काळ्याला जोडलेले असावे. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तर दोन्ही पडदे एकमेकांविरुद्ध हलतात, खर्ज पोकळ होतो आणि मधला आवाज खोलीभर विरतो. शंका असल्यास अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल कराव्यात आणि पुन्हा ऐकावे. ज्या जोडणीत खर्ज भरीव आणि आवाज मधोमध घट्ट येतो ती बरोबर. ही तपासणी वगळून पुढचे सगळे केले तर सगळी मेहनत वाया जाते.

ऐकण्यासाठी दोन प्रकारचे ध्वनिमुद्रण हाताशी ठेवावे. पहिले मोनो, म्हणजे दोन्ही वाहिन्यांत तंतोतंत सारखे असलेले; स्टिरिओपूर्व काळातल्या ७८ गतीच्या तबकड्यांवरील जुनी गाणी या कामाला उत्तम. दुसरे एखाद्या मैफिलीचे चांगले स्टिरिओ ध्वनिमुद्रण. आपल्या मैफिलीत तबला बहुधा गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे श्रोत्याच्या डावीकडे, आणि पेटी दुसऱ्या बाजूला असते. मागे दोन तानपुरे असतात. ध्वनिमुद्रणात ही मांडणी जपलेली असेल तर तुमच्या हॉलमध्येही ती तशीच दिसली पाहिजे.

आधी बसण्याची जागा

नवशिके स्पीकर हलवत राहतात आणि सोफा जागचा हलवत नाहीत. माझ्या अनुभवात सर्वांत मोठी चूक हीच आहे, म्हणून या भागावर मी थोडा जास्त वेळ थांबतो.

खर्जाचे स्वर खोलीत सारखे पसरत नाहीत. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक वारंवारितांच्या लहरी जागच्या जागी उभ्या राहतात. त्यांतली पहिली काढण्यासाठी आवाजाचा वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागावा. उदाहरणासाठी १० फूट रुंद, १५ फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच असा सर्वसाधारण हॉल घेऊ. लांबीसाठी हे उत्तर ३७ ते ३८ हर्ट्झ येते, रुंदीसाठी ५६ आणि उंचीसाठी ५९. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हॉलची रुंदी आणि छताची उंची पुष्कळदा जवळजवळ सारखी असते, त्यामुळे शेवटचे दोन आकडे एकमेकांना खेटतात आणि त्या पट्ट्यातला घुमारा दुणावतो. हॉल बांधतानाच ठरलेली ही गोष्ट आपल्याला बदलता येत नाही, पण आपण तिच्यात कुठे बसायचे हे मात्र ठरवता येते.

भिंतीलगत या लहरींचा दाब सर्वाधिक असतो. डोके भिंतीला टेकवून बसलेल्या माणसाला खर्ज फुगलेला ऐकू येतो तो यामुळेच, आणि त्यातच मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज इतक्या लगेच कानावर येतो की शब्दांच्या कडा बोथट होतात. खोलीचा नेमका मध्यही वाईट. तिथे लांबीची पहिली लहर जवळजवळ नाहीशी होते आणि तिच्या दुप्पट वारंवारितेची, म्हणजे ७५ हर्ट्झची, जोरात ऐकू येते. या दोन टोकांच्या मधे बसावे. ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांची मांडणी करणारे लोक सुरुवातीसाठी लांबीच्या ३८ टक्क्यांचा आडाखा वापरतात. १५ फुटांच्या हॉलमध्ये श्रोत्याच्या मागच्या भिंतीपासून हे अंतर सुमारे ५ फूट ८ इंच येते आणि ते कानांपर्यंत मोजायचे असते, सोफ्याच्या पाठीपर्यंत नव्हे.

एवढा सोफा पुढे आणणे अनेक घरांत शक्य नसते, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी सोफा जागेवर राहू द्यावा आणि ऐकताना एक वेताची खुर्ची त्या जागी आणावी; खुर्चीची पाठ कानांच्या खाली राहील अशी निवडावी. तेही जमत नसेल तर सोफा निदान दोन-तीन फूट तरी भिंतीपासून सोडवावा. माझ्या घरात पहिला खरा फरक ऐकू आला तो सोफा अडीच फूट पुढे ओढल्यावर, आणि तोवर मी महिनाभर स्पीकरच सरकवत होतो.

भिंतीपासून किती पुढे

शक्य असेल तर स्पीकर हॉलच्या आखूड भिंतीकडे ठेवावेत, म्हणजे आवाज लांबीच्या दिशेने जाईल आणि श्रोत्याच्या मागे मोकळी जागा उरेल. खर्जाच्या लहरी स्पीकरच्या खोक्यापेक्षा कितीतरी लांब असतात. १०० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर आहे. त्यामुळे त्या खोक्याला वळसा घालून मागेही जातात, भिंतीवर आपटतात आणि पुढे येऊन मूळ आवाजात मिसळतात. वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याच्या, दर्शनी बाजूपासून स्पीकरमागच्या भिंतीचे अंतर ज्या लहरीच्या तरंगलांबीचा चौथा हिस्सा असते, ती लहर या जाण्यायेण्यात अर्धी मागे पडते आणि मूळ लहरीला खोडते. अंतर अडीच फूट असेल तर हा खड्डा सुमारे ११२ हर्ट्झला पडतो, दोन फूट असेल तर १४१ हर्ट्झच्या आसपास. हा खड्डा पूर्णपणे टाळता येत नाही. म्हणून वूफरपासून मागच्या भिंतीचे, बाजूच्या भिंतीचे आणि जमिनीचे अंतर एकसारखे होऊ देऊ नये; तिन्ही वेगवेगळी असली तर खड्डे एकाच ठिकाणी साचत नाहीत. कोपरा तर नकोच, कारण तिथे दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज बेसुमार फुगवतात.

आकडेमोडीवर विश्वास बसत नसेल तर कानाने पाहावे. स्पीकरमागच्या भिंतीला पाठ लावून उभे राहावे आणि नेहमीच्या आवाजात एक ते दहा आकडे म्हणावेत. मग अर्धे पाऊल पुढे येऊन पुन्हा तेच म्हणावे, आणि असेच पुढे येत राहावे. भिंतीलगत आपलाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा जड वाटतो. काही पावलांनंतर एका जागी तो मोकळा होतो. मदतीला आलेल्या माणसाने बसण्याच्या जागेवरून हा बदल ऐकावा आणि ती जागा चिकटपट्टीने खुणावून ठेवावी. बाजूच्या भिंतीसाठीही हेच करावे. स्पीकर पहिल्यांदा उभे करण्यासाठी या खुणा पुरेशा आहेत. आंतरजालावर भिंतीपासूनच्या अंतराची दशांश स्थळांपर्यंतची सूत्रे भेटतात. खोलीची रुंदी ०.४४७ ने गुणून मागच्या भिंतीचे अंतर काढायचे, असे एक प्रसिद्ध सूत्र आहे. आपल्या १० फुटी हॉलमध्ये ते साडेचार फूट येते. तेवढ्या अंतरावर स्पीकर ठेवल्यावर घरात चालायला जागा उरत नाही, म्हणून लहान हॉलसाठी ते सूत्र मी सुचवणार नाही.

जागेअभावी स्पीकर भिंतीजवळच ठेवावे लागत असतील आणि त्यांच्या मागच्या बाजूला हवेचे भोक असेल, तर त्यात गुंडाळलेला मोजा सैलसर बसवून पाहावा. खर्जाचा फुगवटा बराच आवरतो.

त्रिकोण आणि उंची

आता दोन स्पीकर आणि श्रोता यांचा त्रिकोण आखायचा. पाठ्यपुस्तकी मांडणीत तो समभुज असतो, म्हणजे स्पीकरमधील अंतर जेवढे, तेवढेच प्रत्येक स्पीकरपासून श्रोत्याचे. आपल्या हॉलमध्ये हे तंतोतंत करायला गेलो तर एक अडचण समोर येते. स्पीकर मागच्या भिंतीपासून अडीच फूट पुढे आणि एकमेकांपासून सहा फूट ठेवले, तर समभुज त्रिकोणाचे टोक भिंतीपासून ७ फूट ८ इंचांवर, म्हणजे हॉलच्या जवळजवळ मध्यावर येते, आणि ती जागा तर आपण आधीच बाद केली आहे. अशा वेळी मी समभुजतेचा आग्रह सोडतो आणि खुर्ची आधी ठरवलेल्या जागीच, म्हणजे स्पीकरमागच्या भिंतीपासून ९ फूट ४ इंचांवर, ठेवतो. प्रत्येक स्पीकर तिथून सुमारे साडेसात फुटांवर राहतो, मधला कोन ६० ऐवजी ४८ अंशांच्या आसपास येतो, आवाजाचा पट थोडा अरुंद होतो, पण खर्ज सुधारतो. हा व्यवहार मला नेहमीच फायद्याचा वाटला आहे.

दोन्ही अंतरे सारखी करण्यासाठी मेजर टेपपेक्षा सुतळी बरी. खुर्चीच्या पाठीच्या मध्यावर सुतळी बांधावी, ती एका स्पीकरच्या ट्वीटरपर्यंत, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या घुमटापर्यंत, ताणून गाठ मारावी आणि तीच गाठ दुसऱ्या ट्वीटरपर्यंत न्यावी. फरक अर्ध्या सेंटीमीटरच्या आत आणावा. पाणसळीने स्पीकर सरळ उभा आहे की नाही तेही पाहून घ्यावे, कारण फरशीचा उतार डोळ्यांना दिसत नाही.

ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीला असावा. खुर्चीवर ही उंची साधारण तीन ते सव्वातीन फूट असते आणि लहान स्पीकरसाठी मिळणारे २४ इंची स्टँड त्या बेताचेच असतात. गादी-तक्क्याची भारतीय बैठक असेल तर कान अडीच फुटांच्या आसपास येतात. तेव्हा स्टँड तेवढे बुटके करून घ्यावे, किंवा स्पीकरच्या मागच्या कडेखाली रबरी तुकडे देऊन त्याचे तोंड किंचित खाली झुकवावे.

किती वळवावे

स्पीकरचे तोंड श्रोत्याकडे आत वळवण्याला टो-इन म्हणतात. जागा खर्जासाठी निवडली, तसा हा कोन वरच्या स्वरांसाठी निवडायचा. कारण सोपे आहे: १०,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेतीन सेंटीमीटर असते, जवळजवळ ट्वीटरच्या एक इंची घुमटाएवढी, आणि इतकी आखूड लहर वळसा घेत नाही, ती टॉर्चच्या झोतासारखी समोर जाते. झोत सरळ कानांवर रोखला तर वरचे स्वर भरपूर मिळतात, बाजूला नेला तर ते मवाळ होतात.

कोन मापाने बदलावा, अंदाजाने नव्हे. स्पीकर आत वळवला की त्याचा मागचा आतला कोपरा भिंतीकडे सरकतो आणि बाहेरचा दूर जातो. दोन्ही कोपऱ्यांचे भिंतीपासूनचे अंतर मोजून त्यांतला फरक पाहावा. खोके २० सेंटीमीटर रुंद असेल तर पावणेदोन सेंटीमीटरचा फरक म्हणजे ५ अंश, साडेतीन म्हणजे १० अंश आणि सव्वापाच म्हणजे १५ अंश. वर सांगितलेल्या मांडणीत ट्वीटर थेट डोक्याकडे रोखायचा तर सुमारे २४ अंश, म्हणजे आठ सेंटीमीटरचा फरक लागतो. सुरुवात सरळ, न वळवलेल्या स्थितीपासून करावी आणि दोन्ही स्पीकर दर वेळी ५ अंशांनीच वळवावेत.

मी हे प्रथम केले तेव्हा वडील खुर्चीवर डोळे मिटून बसले होते आणि मी एक जुने मोनो नाट्यगीत लावून स्पीकर वळवत होतो. स्पीकर सरळ असताना ते म्हणाले, "आवाज सगळ्या भिंतीतून येतोय." ५ अंशांवर काही बोलले नाहीत. १० अंशांनंतर त्यांनी हात वर केला आणि बोट बरोबर मधे, रिकाम्या भिंतीकडे दाखवले. "आता बसला बघ तो जागेवर." आणखी ५ अंश वळवल्यावर मात्र कपाळाला आठी पडली, "स" आणि "श" टोचू लागले होते. आम्ही मागे आलो आणि १२ अंशांच्या आसपास थांबलो. त्यानंतर मैफिलीचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण लावले, तेव्हा डावीकडचा तबला स्पीकरमधून सुटून त्याच्या थोडा मागे जाऊन बसला होता.

हाच क्रम सगळ्यांना उपयोगी पडेल. मोनो गाण्यात आवाज मुठीएवढा आणि मधोमध येईपर्यंत वळवत जावे, शिट्टीसारखे वर्ण टोचू लागले की एक पायरी मागे यावे, आणि मग स्टिरिओ लावून पट फार आवळला गेला नाही ना ते पाहावे. बहुतेक स्पीकरसाठी योग्य कोन असा असतो की त्यांच्या समोरच्या रेषा श्रोत्याच्या डोक्यामागे फूट-दोन फुटांवर मिळतात. काही स्पीकर मुळात न वळवता ऐकण्यासाठी केलेले असतात, म्हणून सोबतची माहितीपुस्तिका जरूर वाचावी.

घरातले तीन जण सोफ्यावर एकत्र ऐकणार असतील तर एक वेगळी युक्ती आहे: स्पीकर इतके वळवावेत की त्यांच्या रेषा श्रोत्यांच्या पुढेच एकमेकींना छेदतील. मग डाव्या टोकाला बसलेला माणूस डाव्या स्पीकरला जवळ असला तरी त्याच्या झोताबाहेर असतो आणि उजव्या स्पीकरच्या झोतात येतो. जवळच्याचा लवकर आलेला आवाज आणि लांबच्याचा मोठा आवाज यांचे वजन काही प्रमाणात सारखे होते. मधल्या माणसाची धार थोडी कमी होते, पण कडेच्या दोघांना निदान गायक मधे सापडतो.

भिंती, फरशी आणि काच

प्लॅस्टरच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या हॉलमध्ये एक टाळी वाजवून पाहावी. पितळी भांड्यावर टिचकी मारल्यासारखा झंकार मागे राहिला तर वरच्या स्वरांची परावर्तने फार आहेत असे समजावे. श्रोत्याने खुर्चीवर बसावे आणि मदतनिसाने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. ज्या ठिकाणी आरशात ट्वीटर दिसेल तिथूनच त्याचा पहिला पडसाद कानावर येतो. त्या जागी जाड गोधडी दुहेरी करून, भिंतीपासून तीन-चार इंच सोडून टांगावी. फरशीवर स्पीकर आणि खुर्ची यांच्या मधे जाड सतरंजी किंवा गालिचा असावा. एका बाजूला बाल्कनीची काच आणि दुसऱ्या बाजूला मोकळा पॅसेज असेल, तर काचेवरचा जाड पडदा ऐकताना ओढून घ्यावा. नाहीतर त्या बाजूचे स्वर तेजाळ राहतात आणि मधला आवाज तिकडे झुकतो. दोन्ही स्पीकरचा शेजार सारखा असणे मला कोणत्याही सूत्रापेक्षा महत्त्वाचे वाटते, आणि त्यासाठी गरज पडल्यास स्पीकर दुसऱ्या भिंतीकडे हलवावेत.

गोधडी आणि गालिचा खर्जाला काही करत नाहीत, कारण साडेतीन मीटर लांबीच्या लहरीपुढे दोन इंच कापूस म्हणजे काहीच नव्हे. थर्मोकोलचे तुकडे आणि अंड्यांचे ट्रे भिंतीवर चिकटवण्याचा सल्ला अनेक जण देतात; त्यांनी खर्ज मुळीच आवरत नाही आणि थर्मोकोल तर वरचे स्वरही फारसे शोषत नाही. कोपऱ्यात उभी केलेली कापसाची जाड गादी आणि मागच्या भिंतीला कमी-जास्त खोलीची पुस्तके भरलेले कपाट यांचा उपयोग त्यापेक्षा कितीतरी जास्त होतो.

हे सगळे करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक बदलानंतर तेच गाणे त्याच आवाजाच्या पातळीला ऐकावे. मोठा आवाज नेहमीच चांगला भासतो, म्हणून व्हॉल्यूमचे बटण कुठे होते तेही लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी पुन्हा एकदा तपासावे. पहिल्या रात्री बरोबर वाटलेला कोन सकाळी अंशा-दोन अंशांनी बदलावासा वाटतो.

जागा पक्की झाली की प्रत्येक स्टँडच्या चारही कोपऱ्यांना फरशीवर कागदी चिकटपट्टीचे छोटे काटकोन लावावेत आणि दोन्ही भिंतींपासूनची अंतरे, कोपऱ्यांमधला फरक व खुर्चीची जागा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी. फरशी पुसताना स्पीकर रोज सरकतात, आणि घरात जे कोणी फरशी पुसते त्यांना त्या खुणा दाखवून ठेवल्या तर ते स्पीकर परत त्याच काटकोनात आणून ठेवू शकतात.